जळकं ऑइल फुकट आहे, असं कोण म्हणालं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

निफाड परिसरात महामार्गालगत गॅरेज असलेल्या एका वाचकाने लिहिलं आहे. पुढे गॅरेज, मागे घर आणि मधे एकच भिंत. ट्रॅक्टर, पिकअप, अधूनमधून ट्रक अशी कामं असतात. द्राक्षाच्या हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत गाड्यांची रांग लागते, आणि नेमकी तेव्हाच थंडी कडाक्याची असते. महिन्याला साठ-सत्तर लिटर जळकं ऑइल, म्हणजे गाड्यांतून बदलून काढलेलं जुनं इंजिन ऑइल, निघतं. भंगारवाला लिटरला पंचवीस रुपये देऊन ते घेऊन जातो. मोबाइलवर परदेशातल्या गॅरेजचे व्हिडिओ बघून त्यांनी स्वतः एक स्टोव्ह तयार केला. जुना गॅस सिलिंडर कापून त्याची भट्टी केली, वर दोनशे लिटरचा ड्रम ठेवला, त्याला ठिबकचा कॉक लावून ऑइल थेंबाथेंबाने सोडलं आणि खालून ब्लोअरची हवा दिली. नऊ हजार खर्च झाला. दिवसाला तीनेक तास चालतो आणि तासाला साधारण एक लिटर ऑइल पितो.

कामगार खूश आहेत, नववीतला मुलगा तर फारच खूश. पत्नीची तक्रार मात्र अशी की दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात आणि घरात वास येतो. वडिलांना दमा आहे. आता या स्टोव्हवर अंघोळीच्या पाण्याची टाकी जोडायचा विचार चालू आहे, आणि मेव्हण्याला त्याच्या ब्रॉयलर शेडमध्ये पिल्लांसाठी असाच एक स्टोव्ह करून हवा आहे. ते विचारतात, "ऑइल फुकटचं आहे. मी नाही जाळलं तर भंगारवाला नेऊन कुठेतरी जाळणारच. धूर तर दिसतही नाही. मग बिघडलं कुठे? घरच्यांना कसं समजावू?"

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गंमत आहे. पहिल्या पानावर तुम्ही लिहिता की भंगारवाला लिटरमागे पंचवीस रुपये देतो, आणि पुढच्या पानावर तेच ऑइल फुकटचं होतं. ज्याला गिऱ्हाईक आहे ते फुकट कसं? तीन तासांत तीन लिटर, म्हणजे रोज पंच्याहत्तर रुपये तुम्ही भट्टीत टाकताय. शिवाय महिन्याचे नव्वद लिटर झाले, आणि तुमच्याकडे निघतं साठ-सत्तर. म्हणजे वरचं ऑइल शेजारच्या गॅरेजवरून येतं किंवा येणार आहे. त्यात त्याने काय काय ओतलंय ते तुम्हाला माहीत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या पंच्याहत्तर रुपयांत मिळतं काय ते बघू. इंजिन ऑइलमध्ये उष्णता भरपूर असते, जवळजवळ डिझेलइतकी. एका लिटरमध्ये ढोबळमानाने विजेच्या दहा युनिटांएवढी. म्हणजे तुमचा स्टोव्ह चालू असताना दहा किलोवॉटची आग पेटलेली असते. त्यातली बरीच चिमणीतून वर जाते, आणि उरलेली शटरमधून सरळ महामार्गावर. पिकअप आत-बाहेर करायची तर तुमचं शटर दिवसभर उघडंच राहणार. पत्र्याच्या छपराखाली, उघड्या शटरच्या गॅरेजमध्ये हवा तापवणं हा तोट्याचा धंदा आहे, इंधन कुठलंही असो.

तुम्ही बघितलेले व्हिडिओ मिनेसोटा, मिशिगन अशा भागांतले असणार. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. गॅरेज चारही बाजूंनी बंद असतं, भिंतींत उष्णतारोधक थर भरलेला असतो, दारं खाली पडली की आतली ऊब तासन्‌तास टिकते. अमेरिकेचा नियम अशा ठिकाणी जळकं ऑइल जाळायला परवानगी देतो, पण अटी घालून: ऑइल स्वतःच्या गॅरेजचं किंवा घरी गाडीचं ऑइल बदलणाऱ्यांनी आणून दिलेलं असावं, हीटर ताशी पाच लाख बीटीयूपेक्षा (बीटीयू हे उष्णतेचं एक माप) मोठा नसावा आणि धूर इमारतीबाहेर सोडलेला असावा. तिकडे यासाठी कारखान्यात बनलेले हीटर विकत मिळतात. यूट्यूबवर दिसतात ते घरी जोडलेले, कारण ते बघायला मजा येते.

तुमची थंडी खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेला की बागेत शेकोट्या पेटतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचं नाव येतं. अशा पहाटे गाडीखाली पडून नट सोडवायचा म्हणजे बोटं बधिर होतात. पण बघा, गारठतं ते काय? बोटं, पाठ आणि जमिनीला टेकलेलं अंग. गारठलेल्या माणसाला ऊब हवी आहे, गॅरेजमधल्या सगळ्या हवेला नको. भिंतीवर उंचावर टांगलेला, माणसाच्या दिशेने वळवलेला आठशे वॉटचा क्वार्ट्झ हीटर समोरच्या माणसाला थेट तापवतो, मधली हवा फारशी तापवत नाही. असे दोन हीटर तीन तास चालले तर पाचेक युनिटं जातील. व्यापारी दर बारा रुपये धरला तरी साठ रुपये. तुमच्या 'फुकट' ऑइलपेक्षा पंधरा रुपये कमी, आणि ब्लोअरची वीज मी धरलेलीच नाही. त्याच्या जोडीला शटरला ताडपत्रीचा जाड पडदा लावा, झोपून काम करायला जाड रबरी मॅट किंवा चाकांची फळी घ्या. फक्त एक पाळा. क्वार्ट्झची नळी लालबुंद असते, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं किंवा पाइपचं काम निघालं की आधी हीटर बंद करायचा.

आता धुराबद्दल. 'दिसत नाही' म्हणजे 'नाही' असं तुम्ही धरून चालला आहात. ब्लोअरमुळे काजळी जळते हे खरं, आणि ते तुम्ही छान जमवलंय. पण इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात कंपनीने घातलेलं कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस असतं. इंजिनात फिरून आल्यावर त्यात लोखंड, तांबं, क्रोमियम आणि बेअरिंगमधलं शिसं मिसळतं. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० सालीच बंद झालं, त्यामुळे पूर्वीइतकं शिसं आता येत नाही, पण येतं. धातू जळून नाहीसा होत नाही, आग कितीही स्वच्छ असली तरी. भट्टीच्या तळाशी जी करडी पापडी साचते आणि तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढता, ती हीच. ऑइलच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास राख धरली तर तीन लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम होते. एक दिवस ती पापडी वजन करून बघा. जेवढी कमी भरेल तेवढी चिमणीतून वर गेली. ती इतकी बारीक असते की डोळ्याला दिसत नाही, आणि बारीक असल्यामुळेच फुफ्फुसात खोलवर पोचते.

दोरीवरच्या कपड्यांवरचे ठिपके ही वेगळी गोष्ट. त्यांच्यावर बोट फिरवा, तेलकट फराटा उमटेल. ते अर्धवट जळलेलं ऑइल आहे. भट्टी पेटवताना आणि विझवताना, म्हणजे ती पुरेशी तापलेली नसते तेव्हा, हेच बाहेर पडतं. तुम्ही स्टोव्ह बघता तो ऐन भरात असताना, वहिनी बघतात ते त्याचं सुरुवातीचं आणि शेवटचं रूप. दोघंही खरं सांगताय. पण दम्याच्या माणसाच्या दृष्टीने वहिनींचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं आहे, कारण पहाटे स्टोव्ह पेटतो तेव्हा वडील भिंतीपलीकडे झोपलेले असतात.

शेजारच्या गॅरेजच्या ऑइलचा मुद्दा इथे येतो. गॅरेजच्या ड्रममध्ये नुसतं इंजिन ऑइल कधीच नसतं. गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, पार्ट धुतलेलं पेट्रोल, स्प्रे क्लीनर, सगळं एकाच फनेलमधून जातं. काही क्लीनरांत क्लोरीनची द्रावणं असतात, आणि ती जळली की आम्लाचे विषारी वायू निघतात. कुणी जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल आणून दिलं तर त्याला हातही लावू नका. काही जुन्या तेलांत पीसीबी नावाची विषारी क्लोरीनयुक्त रसायनं असतात, आणि साध्या भट्टीत ती धडपणे जळत नाहीत.

पण खरं सांगू का, मला तुमच्या धुरापेक्षा तुमच्या ठिबकच्या कॉकची जास्त काळजी वाटली. माझी नोकरी बॉयलर आणि तेलाच्या भट्ट्यांवर गेली, म्हणून पत्र वाचताना नजर आधी तिथेच थांबली. दोनशे लिटरचा ड्रम वर, आग खाली, आणि मधे काय, तर प्लास्टिकचा कॉक आणि नळी. तो कॉक बागेतल्या पाण्यासाठी बनलेला आहे. भट्टीची झळ रोज बसून तो मऊ पडतो, आणि एक दिवस सांध्यातून निसटतो. मग थेंब नाही, धार लागते. आगीवर ऑइलची धार पडत असेल तर तुम्ही ती बंद करायला हात कुठे घालणार? कॉक तर आगीच्या वरच आहे.

तेलाच्या कुठल्याही धड बर्नरला फोटोसेल असतो. ज्वाळा दिसेनाशी झाली की तो काही सेकंदांत तेलाचा व्हॉल्व्ह बंद करतो. पुन्हा पेटवण्याआधी पंखा काही वेळ नुसती हवा मारतो, आत साचलेली वाफ बाहेर काढतो आणि मगच ठिणगी पडते. तुमच्या स्टोव्हला यातलं काहीच नाही. वीज गेली की ब्लोअर बंद, ज्वाळा विझते, पण थेंब पडतच राहतात. खालचं भांडं लाल असतं, त्यावर पडलेल्या ऑइलची पांढरी दाट वाफ होते आणि ती भट्टीत भरते. मग कुणीतरी, बहुधा घाईतला कामगार, डिझेलचा बोळा पेटवून आत टाकतो. त्या क्षणी जे होतं त्याला स्फोट म्हणतात. तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मी विचारत नाही.

पाण्याचंही तसंच. कूलंट मिसळलेल्या ऑइलमध्ये पाणी असतं, उघड्या ड्रममध्ये ते पावसाळ्यात आणखी शिरतं आणि तळाशी बसतं. तुमचा कॉक ड्रमच्या तळाशी आहे ना? म्हणजे सगळ्यात आधी पाणीच येणार. तापलेल्या भांड्यावर पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट फुगतं आणि जळतं ऑइल चौफेर उडवतं. अंगावर.

आणि ब्लोअर जमिनीलगत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून पसरते, गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात, पिटमध्ये, साचते. कार्ब्युरेटर उघडला असताना तुमचा ब्लोअर तीच हवा ओढून आगीत घालतो.

सिलिंडरबद्दल एकच वाक्य, तेही बाकीच्या वाचकांसाठी: घरगुती गॅसचा सिलिंडर ही तेल कंपनीची मालमत्ता असते, भंगारात मिळाला तरी, आणि आत राहिलेल्या गॅसमुळे तो कापताना माणसं मेलेली आहेत.

एवढं सगळं सांगूनही कुणी ना कुणी हा स्टोव्ह चालवणारच, हे मला माहीत आहे. त्यांना माझी परवानगी नाही आणि कायद्याचीही नाही, पण माणसं जिवंत राहावीत म्हणून किमान इतकं: वरचा ड्रम आजच काढा आणि पाचेक लिटरची छोटी धातूची टाकी बाजूला, दूर ठेवा. नळी धातूची घ्या आणि बंद करायचा कॉक आगीपासून हातभर नव्हे, चार पावलं लांब असू द्या. विझलेली भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. तेलाच्या आगीवर पाणी मारू नका. ड्राय पावडरचा सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या दाराजवळ ठेवा, भट्टीजवळ नको. चिमणी छपराच्या वर न्या. आणि जिथे कुणी झोपतं त्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी हे काहीही नको. अर्धवट जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर पडलं की बरं वाटतं, आणि माणूस म्हणतो पित्त झालं. खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या, बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तुमच्या घरात मधे एकच भिंत आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा: "मी नाही जाळलं तर भंगारवाला जाळणारच." हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बऱ्याच ठिकाणी ते खरं आहे. जळकं ऑइल शटरिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, कुणी वाळवीसाठी लाकडाला फासतं, कुणी भट्टीत जाळतं, आणि काही गाळून, डबा बदलून पुन्हा बाजारात 'नवीन' म्हणून येतं. तेच ऑइल उद्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरमध्ये पडतं आणि इंजिन बसल्यावर नाव तुमचं खराब होतं. पण 'तो जाळणारच' यातून 'म्हणून मी जाळतो' असं निघत नाही. निघतं ते इतकंच, की ऑइल कुणाला द्यायचं ते तपासायला हवं.

या ऑइलला जाळण्यापेक्षा चांगला उपयोग आहे. इंजिनात ऑइल मळतं, संपत नाही. नीट यंत्रणा असलेल्या कारखान्यात ते निर्वात ऊर्ध्वपातनाने, म्हणजे कमी दाबाखाली वाफ करून आणि ती पुन्हा थंड करून, शुद्ध करतात आणि निम्म्याहून जास्त पुन्हा बेस ऑइल, म्हणजे वंगणाचं मूळ तेल, म्हणून मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सांगितलेला एक आकडा मला नेहमी आठवतो: एका बॅरलभर, म्हणजे १५९ लिटर कच्च्या तेलातून जेवढं वंगण निघतं, तेवढंच चार लिटरपेक्षा कमी जळक्या ऑइलमधून निघतं. तुमच्या स्टोव्हने तीन तासांत काय जाळलं त्याचा अंदाज येतो.

आपल्याकडे २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या यादीत आहे. ते अधिकृत संकलक किंवा पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यालाच द्यायचं, नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. इंधन म्हणून वापरायचं तरी त्याला मर्यादा ठरलेल्या आहेत, शिसं दर दहा लाख भागांत शंभरपेक्षा जास्त नको, पाणी एक टक्क्यापेक्षा जास्त नको, क्लोरीनसारख्या हॅलोजनांनाही मर्यादा आहे, पीसीबी तर जवळजवळ नकोतच. तुमच्या ड्रमची अशी तपासणी कोण करणार? आता तुम्ही म्हणाल, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस आमच्या गॅरेजवर येतोय कधी. येत नसेल. पण आग लागली तर विमा कंपनीचा माणूस नक्की येईल, आणि तो आधी तुमचा स्टोव्ह बघेल.

अडचण खरी ही आहे की साठ लिटरसाठी कुठला अधिकृत संकलक निफाडला येत नाही. म्हणून एकट्याने विचारू नका. तुमच्या पट्ट्यातली आठ-दहा गॅरेजं आणि एखादं ट्रॅक्टरचं शोरूम मिळून महिन्याला तीन-चार ड्रम सहज होतील. तेवढ्यासाठी गाडी येऊ शकते. नोंदणी असलेल्यांची नावं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात विचारा. दुसरा रस्ता तुमच्या ऑइलच्या डीलरचा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल पुनर्शुद्धीकरणाला जाईल हे बघायची जबाबदारी आली आहे. त्यांना वर्षागणिक वाढती लक्ष्यं पुरी करायची आहेत, म्हणजे तुमचा ड्रम आता त्यांच्याही कामाचा आहे. डीलर नवीन माल उतरवायला येतो तेव्हा त्याला विचारा, "जुनं कोण उचलतं?" त्याला माहीत नसेल तर वर विचारायला लावा. जो नेईल त्याच्याकडून नेल्याचा कागद मात्र घ्या.

भाव पंचवीसच्या जागी बावीस मिळाला तर? तर महिन्याला दोनशे रुपये कमी. मला तरी तो सौदा परवडणारा वाटतो, पण हिशेब तुमचा आहे.

अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे ऑइल विजेपेक्षा स्वस्त पडतं हे मी मान्य करतो. पाच बादल्या कडक पाण्याला तीन युनिटं लागतात. अर्धी उष्णता वाया गेली तरी तेवढं काम पाऊण लिटर ऑइल करेल. पण तुमच्याकडे त्याहून स्वस्त गोष्ट छपरावर पडतेय. नाशिकच्या हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं, ऊन कडक असतं, आणि थंडी वाढते ती रात्री. नळ्यांचा सोलर वॉटर हीटर नेमका अशाच हवामानासाठी आहे. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या पॅनेलपेक्षा काचेच्या नळ्यांचा घ्या, क्षार धरला तरी साफ करता येतो. तोपर्यंत तांब्याचा बंब चालू द्या, घराबाहेर, लाकडावर. स्टोव्हवर बंद टाकी जोडायचा विचार मात्र आजच सोडा. तोंड बंद असलेल्या पाण्याच्या टाकीखाली आग लावली की ती बॉयलर होते, आणि बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, तपासणी लागते, माहितगार माणूस लागतो.

मेव्हण्यांना तर स्पष्ट नाही म्हणा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३३ ते ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ऊब टिकवायला शेडचे पडदे खाली सोडलेले असतात, खाली तुसाचा थर असतो. त्या बंद हवेत उघडी तेलाची आग म्हणजे वर प्राणवायू कमी आणि खाली सरपण तयार. कोंदट हवेत वाढलेल्या ब्रॉयलरला पुढे पोटात पाणी होतं, ते तर ब्रॉयलरवाल्यांना चांगलंच माहीत आहे. धुरातला धातू तुसावर बसेल, तूस पिल्लं चोचीने उकरतात, आणि ती कोंबडी सहा आठवड्यांत कुणाच्या तरी ताटात जाते. गॅस ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा गॅसचा हीटर, घ्या, किंवा भट्टी शेडबाहेर ठेवून पाइपमधून फक्त गरम हवा आत आणणारी बुखारी, लाकडावर किंवा ब्रिकेटवर चालणारी. थर्मामीटर हवाच, पण रात्री दोनला उठून पिल्लंही बघावीत. ब्रूडरखाली एकमेकांवर चढून दाटी केली असेल तर ऊब कमी पडतेय. लांब कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर जास्त झाली. सगळीकडे सारखी पसरून बसली असतील तर झोपायला जा.

राहिला प्रश्न घरच्यांना समजावायचा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, समजावायला तिथे कुणी उरलेलं नाही. वहिनींना जे दिसलं ते बरोबर होतं, आणि त्यांनी ते तुमच्या आधी बघितलं. त्यांना तसं एकदा म्हणा, मोठं भाषण नको.

मुलाचं मात्र वेगळं आहे. त्याने बापाला शून्यातून आग बांधताना पाहिलंय, आणि ती जमलीही. ते सगळं एका रात्रीत भंगारात टाकलंत तर त्याला वाटेल आपण काहीतरी लाजिरवाणं केलं. त्याला हिशेबाच्या बाजूला घ्या. पत्र्याच्या आत दोन ठिकाणी थर्मामीटर लावा, एक गाडीखाली काम करणाऱ्याच्या डोक्याशी. एक दिवस फक्त हीटर आणि पडदा, दुसऱ्या दिवशी फक्त पडदा, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. विजेच्या मीटरचं रीडिंग त्यालाच घ्यायला सांगा. मला वाटतं पडद्यानेच अर्धं काम होईल, पण तो काय आकडे काढतो ते मला कळवा, खरंच उत्सुकता आहे. ब्लोअर चांगला असेल तर लोहारकामाच्या कोळशाच्या छोट्या भट्टीला तो उत्तम चालेल, पाटे-पहारी शेवटायला, म्हणजे तापवून त्यांची टोकं धारदार करायला, तुमच्याकडे गिऱ्हाईक येतंच. ती भट्टी बाहेर मोकळ्यावर ठेवा.

आणि ड्रमचं आजच करायचं काम: दोन वेगळे ड्रम ठेवा. एकावर 'इंजिन-गिअर ऑइल', दुसऱ्यावर 'कूलंट, ब्रेक ऑइल, धुतलेलं पेट्रोल' असं रंगाने ठळक लिहा, दोघांची झाकणं बंद, दुसऱ्याचं तर नेहमीच. वेगळं केलेल्या ऑइलला भावही बरा मिळतो. आतापर्यंत एकत्र झालेला ड्रम संकलकाला मिसळलेला म्हणूनच सांगून द्या. चिमणीतली आणि भट्टीतली पापडी कुंडीत, शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नका, डब्यात भरून त्याच गाडीबरोबर द्यायचं बघा.

याच विषयावर आणखी दोन वाचकांनी विचारलंय की हॉटेलातलं तळणीचं जुनं तेल भट्टीत चालेल का. त्यात इंजिनातले धातू नसतात, एवढा फरक आहे. बाकी आग तीच, वाफ तीच, विझल्यावरचा स्फोटही तोच. तळणीच्या तेलापासून बायोडिझेल होतं आणि ते गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यासाठी रुको नावाची योजना चालवली आहे. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढत जाणारे ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल कढईत चालत नाही, हा नियमही त्याच वर्षीचा. हॉटेलवाल्यांनी डबा भरला की त्या नोंदणीकृत संस्थांना फोन करावा, भट्टीवाल्याला नव्हे.